उघड्या भिंतीची डागडुजी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी चुन्याची बादली बाहेर निघे. वडील भिंतींना हात देत, आई ओटा पोतेरी, आणि अंगण सारवण्याचे काम माझ्याकडे येई. वर्षभराचे डाग, पोपडे, पावसाने काढलेले ओघळ एका दिवसात नाहीसे होत आणि घर नवे होई. भिंत झाकली की ती नवी होते, हा आपल्याकडचा पिढ्यानुपिढ्यांचा समज आहे. मातीच्या घराबाबत तो खराही आहे. मातीच्या भिंतीला लावलेली माती वाळली की ती भिंतच होते. ठिगळ असे वेगळे उरत नाही.

यंदा मात्र मी अशा इमारतींविषयी लिहिणार आहे, की ज्यांना बादलीतला चुना लावणे हाच त्यांच्यावर अन्याय ठरेल. सणासुदीच्या अंकात काँक्रीटवर टीकालेख, म्हणून वाचकांना नवल वाटेल. मी इंजिनिअर नाही. मुलांना मराठी शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. पण पुस्तकावर टीका करायला छापखाना काढावा लागत नाही, त्याप्रमाणे आपण ज्या इमारतींखालून रोज जातो त्यांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी धरून चालते.

या विषयाकडे मला वळवले ते आमच्या शाळेच्या पोर्चने. साठएक वर्षांपूर्वी बांधलेला, उघड्या काँक्रीटचा, खालून पाहिले तर लाकडी फळ्यांच्या रेघा स्पष्ट दिसाव्यात असा. काही वर्षांपूर्वी त्याच्या पोटाला तांबूस ओघळ दिसू लागले. एक ढलपा पडला. मग दुरुस्ती झाली. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर पीच रंग, आणि कडेला तपकिरी पट्टा. सगळ्यांना पोर्च फार आवडला, मलाही आवडला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी, प्रार्थनेला दहा मिनिटे असताना, परातीएवढा तुकडा खाली आला. त्या दहा मिनिटांनी आमची लाज राखली. तुकड्याच्या आतल्या बाजूला सळीचा गंज जसाच्या तसा चिकटलेला होता. वरचा गिलावा मात्र पीचच्या पीच, हसरा.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने चंदीगडला जाणे झाले. तिथला ‘कॅपिटॉल कॉम्प्लेक्स’ पाहायचा तर ओळखपत्र दाखवून, वाटाड्याबरोबरच जावे लागते. पाहुण्यांनी आधीच बजावले होते, “तिथे काय पाहणार? काळवंडलेले सिमेंट!” मी गेले, आणि दोन तास मान वर करून उभी राहिले.

१९४७ साली लाहोर सीमेपलीकडे गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या नगरीच्या आखणीसाठी ल कॉर्ब्युझिए १९५१ साली भारतात आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी. नगरीच्या माथ्याला, शिवालिकच्या टेकड्या पाठीशी घेऊन, तीन मोठ्या इमारती उभ्या राहिल्या: उच्च न्यायालय, २५४ मीटर लांबीचे सचिवालय आणि विधानसभा. न्यायालयासमोरचे हिरवा, पिवळा, तांबडा अशा तीन रंगांचे प्रचंड खांब सोडले, तर बाकी सारा कारभार उघड्या काँक्रीटचा. २०१६ साली युनेस्कोने कॉर्ब्युझिए यांच्या सात देशांतल्या सतरा वास्तू जागतिक वारशात घेतल्या; त्यांत हा परिसर आहे.

काँक्रीट उघडे ठेवण्याची ही कल्पना मूळची गरिबीतून आलेली आहे. फ्रान्समध्ये मार्सेय येथे १९४७ ते १९५२ या काळात कॉर्ब्युझिए यांनी एकाच इमारतीत एक गाव वसवावे असे ३३७ घरांचे निवासस्थान बांधले. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून सांगाडा काँक्रीटचा करावा लागला. कामावर अनेक कंत्राटदार; कुणाच्या फळ्या सरळ, कुणाच्या वाकड्या. साचे काढले तेव्हा भिंतीवर सगळ्यांची खोट उमटलेली होती. दुसऱ्या कुणीही तिथे गिलावा मागवला असता. कॉर्ब्युझिए यांनी तो मागवला नाही. फ्रेंच भाषेत अशा अंगच्या, कच्च्या काँक्रीटला ‘बेतों ब्रुत’ म्हणतात. पुढे ‘ब्रूटॅलिझम’ हे नाव रूढ झाले, त्याचे नाते या ‘ब्रुत’शी जोडले जाते. क्रौर्याशी त्याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण या शैलीचे निम्मे शत्रू तिच्या नावाने तयार झालेले आहेत.

चंदीगडला ही शैली आली आणि तिला आपल्याकडचे हात मिळाले. त्या काळची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील: लाकडी बल्ल्यांचे रान, त्यातून वर जाणारा उतरता रस्ता, आणि डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग. जगप्रसिद्ध वास्तू घमेल्या-घमेल्याने वर चढली. भिंतीपाशी उभे राहिले की हे सारे वाचता येते. इथे फळी बदलली, इथे लाकडाची गाठ उमटली, इथे संध्याकाळ झाली आणि काम थांबले. दुसऱ्या दिवशीचा माल किंचित वेगळ्या रंगाचा आला. मासा, चक्र, सूर्य अशी चिन्हे काही भिंतींत उमटवलेली आहेत. साच्याच्या आतल्या बाजूला उलटा आकार बसवला, तो भिंतीवर सुलटा आला. उघड्या काँक्रीटची भिंत म्हणजे हस्ताक्षर आहे. सुवाच्य म्हणता येणार नाही; पण कुणाचे आहे ते ओळखू येते, आणि वही तपासणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवे असते?

आता ही भिंत खराब का होते ते पाहू, म्हणजे पुढचा वाद समजेल. काँक्रीट ओढ सहन करीत नाही, म्हणून त्याच्या पोटात लोखंडी सळ्या घालतात. सिमेंटचा गुण अल्कधर्मी असल्यामुळे सळीवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो, आणि तो आहे तोवर तिला गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरत राहतो आणि तो अल्कधर्म मारत जातो. ही वाळवी बाहेरून आत येते. ती सळीपाशी पोचली आणि सोबतीला पाणी मिळाले की लोखंड गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो वरच्या थराला फोडून मिळवतो. आधी केसाएवढी चीर, मग तांबूस ओघळ, मग ढलपा, असा हा क्रम आहे. समुद्रकाठी खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम अधिक वेगाने करते. मुंबईतल्या वाचकांना ते सांगायला नको, त्यांच्या गॅलऱ्यांना ते पाठ आहे.

याची एक चाचणी आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला करून दाखवली. पोर्चच्या पडलेल्या भागाशेजारी ताजे फोडलेले काँक्रीट घेऊन त्यावर त्यांनी फिनॉल्फ्थॅलीन शिंपडले. शाळेच्या प्रयोगशाळेत जे द्रावण अल्क ओळखायला वापरतात, तेच. आतला भाग क्षणात गुलाबी झाला. बाहेरचा बोटभर थर तसाच फिका राहिला. गुलाबी तेवढे जिवंत. सळी त्या फिक्या पट्ट्यात सापडली होती. गिलाव्याने आम्ही काय झाकले होते ते तेव्हा कळले.

अशा इमारतीच्या दुरुस्तीच्या तीन रीती मला दिसतात. त्यांची पारख आपण साहित्यकृतीसारखीच करू.

पहिली रीत झाकण्याची. गिलावा करा, रंग द्या, फरशी चिकटवा, काचेचा पडदा लावा. आपल्याकडे तिची परंपरा मोठी आहे. काळ्या दगडाची हेमाडपंती मंदिरे जीर्णोद्धाराच्या नावाखाली तैलरंगात बुडालेली आपण गावोगाव पाहतो. हेतू वाईट नसतो, भक्तीच असते. पण छिन्नीचा घाव रंगाखाली जातो आणि देऊळ कालचे दिसू लागते.

काळजीपूर्वक झाकले तरी चालत नाही काय? याचे एक विचार करण्यासारखे उदाहरण अमेरिकेत आहे. शिकागोजवळ ओक पार्क येथे फ्रँक लॉइड राइट यांनी १९०८ साली पुरे केलेले ‘युनिटी टेंपल’ हे ब्रूटॅलिझमच्या फार आधीचे, पण उघड्या काँक्रीटचेच प्रार्थनामंदिर आहे. बाह्यांग झिजले म्हणून १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यावर फवाऱ्याने काँक्रीटचा नवा थर चढवला, तोही मूळच्यासारखी बारीक खडी दिसेल असा. आदराने केलेले काम होते. तरी २०१५ ते २०१७ च्या जीर्णोद्धारात सुटलेले भाग काढून, नमुन्याचे तुकडे करकरून रंग नि खडी जुळवीत ते पुन्हा भरावे लागले. आतला आणि बाहेरचा थर एका वेगाने म्हातारे होत नाहीत, हा त्यातला धडा.

दुसरी रीत ठिगळाची. ढलपा पडला तिथे बाजारात मिळेल तो तयार माल थापायचा आणि पुढे जायचे. राखाडी भिंतीवर चौकोनी, गुळगुळीत, पांढरट डाग उमटतात. पाहणाऱ्याला इमारतीला कोड फुटले असे वाटते. पण रूपापेक्षाही यातला दोष खोल आहे. गंजलेली सळी पुरती मोकळी न करता वर नवा माल भरला, तर ठिगळाच्या आतली सळी सुरक्षित होते आणि ठिगळाच्या कडेबाहेरची अधिक जोराने गंजू लागते. दोन वर्षांनी ठिगळ शाबूत, आणि भोवती नवे ढलपे. अर्धवट तपासलेल्या निबंधासारखे हे आहे. लाल शाई जिथे पडली तिथून पुढची चूक सुरू होते.

तिसरी रीत वाचण्याची. ती सावकाश चालते. आधी भिंत धुतात, तीही हलक्या पाण्याने. वाळूचा मारा किंवा आम्ल वापरले तर मळाबरोबर हस्ताक्षरही जाते. मग हातोडीने भिंत टकटक वाजवत फिरतात. धड काँक्रीट खणखणते, सुटलेले बोदे वाजते. बोदा भाग खडूने आखून काढतात, सळीच्या मागे बोटे जातील इतके खोदतात, गंज घासून सळी स्वच्छ करतात, तिला लेप देतात. मग मालाचे नमुने. कोणती वाळू, कोणती खडी, सिमेंट कोणत्या छटेचे, हे जुन्या तुकड्यावरून ठरवायचे. नमुना ओला असताना फसवतो. तो वाळून, उन्हापावसात राहून मगच खरा रंग सांगतो. मूळ काँक्रीटपेक्षा फार कडक माल चालत नाही. तो शेजाऱ्याला फोडतो. शेवटी, जिथे मूळ भिंतीवर फळीची रेघ होती तिथे फळी लावूनच माल भरायचा, म्हणजे रेघ रेघेला मिळते. आणि दिवसच्या दिवस पाणी मारायचे. वरून द्यायचेच तर सिलेनसारखे पारदर्शक द्रव्य देतात. ते भिंतीत मुरते, पाणी बाहेर ठेवते, आतली वाफ कोंडत नाही, आणि स्वतः दिसत नाही.

चांगल्या दुरुस्तीची माझी कसोटी अशी: दहा पावलांवरून ती दिसू नये, आणि हातभर अंतरावरून ती लपू नये. दुरून इमारत एक वाटली पाहिजे. जवळून पाहणाऱ्याला, इथे १९५५ चा हात थांबला आणि इथे आजचा सुरू झाला, हे प्रामाणिकपणे कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे रसिकांचे लाड झाले. ज्यांना त्या इमारतीत बसून काम करायचे त्यांच्या डोक्यावर ढलपे पडत असताना तुम्ही रेघा कसल्या जुळवता? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परातीएवढा तुकडा मी पाहिलेला आहे. शिवाय वास्तुकारांच्या बाजूनेही सगळेच खरे नव्हते. काँक्रीट म्हणजे दगडच, त्याला देखभाल कसली, असा त्या पिढीचा विश्वास होता. सळीवरचे आवरण आजच्या मानाने पुष्कळ ठिकाणी पातळ ठेवले गेले. भिंत उघडी ठेवायची तर तिच्याकडे नित्य पाहण्याची सोयही ठेवायला हवी होती. आईचा ओटा दर आठवड्याला सारवला जाई म्हणून टिकला. उघड्या काँक्रीटला मात्र सारवणाचा वार कुणी नेमून दिला नाही. त्या भव्य इमारतींच्या आखणीतली ही मोठी त्रुटी आहे, आणि तिचे बिल आज आपण फेडतो आहोत.

पण ‘सुरक्षितता की सौंदर्य’ ही विभागणीच मला मान्य नाही. आमच्या पोर्चने तांबूस ओघळ दाखवून वेळेवर हाक मारली होती. आम्ही तिचे तोंड बंद केले, आणि आणखी तीन पावसाळे मुलांना तिच्याखाली उभे केले. उघडी भिंत आपला आजार आपणच सांगते. गिलावा तो सांगू देत नाही. म्हणजे जी दुरुस्ती हस्ताक्षर जपते, तीच डोकीही जपते. जी झाकते ती दोन्ही गमावते. रसिक आणि इंजिनिअर यांचे इथे भांडण नाही. दोघांचे भांडण आहे ते घाईशी.

घाईचे शेवटचे टोक म्हणजे पाडकाम. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवल यांनी रचलेला ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ साली उभा राहिला. जागेवरच ओतलेल्या काँक्रीटचे ते प्रचंड त्रिकोणी जाळे साधणारे इंजिनिअर महेंद्र राज. याच गृहस्थांनी तरुणपणी चंदीगडच्या न्यायालयावर आणि सचिवालयावर काम केले होते आणि पुढे १९६० च्या सुमारास मुंबईत आपला व्यवसाय मांडला होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत ते जाळे जमीनदोस्त झाले. वारसा ठरायला साठ वर्षे पुरी व्हावी लागतात आणि याची पंचेचाळीसच झाली, असे कारण पुढे आले होते. माणसाला निवृत्त व्हायला लागतात तेवढीही वर्षे त्या इमारतीला मिळाली नाहीत. दुरुस्तीवर वाद घालायचा तर आधी इमारत शिल्लक हवी, हे त्या रात्रीने शिकवले.

इथे माझ्या धंद्यातला एक कबुलीजबाब देते. माझी पहिली कादंबरी काही वर्षांनी पुन्हा छापायचे ठरले, तेव्हा मी ती वाचून शरमले. केवढी ओबडधोबड वाक्ये! मी गिलावा करायला बसले. चाळीस पाने गुळगुळीत केली आणि सलग वाचून पाहिली, तर त्यातली मुलगी बोलेनाशी झाली होती. ती पाने फाडली. मग अर्थ जिथे खरोखर मोडत होता, तिथलीच वाक्ये दुरुस्त केली, त्याच मुलीच्या तोंडची भाषा वापरून. बाकी फळ्यांच्या रेघा राहू दिल्या. चंदीगडच्या भिंतीपुढे मान वर करून उभी असताना मला ती चाळीस पाने आठवत होती.

आमच्या पोर्चची गोष्ट अपुरी राहायला नको. शाळासमितीपुढे मी फिनॉल्फ्थॅलीनचा तो गुलाबी तुकडा घेऊन गेले. पुष्कळ वाद झाला. “बाई, सणाला शाळा उघडीबोडकी दिसेल,” असे एक सभासद म्हणाले, आणि त्यांचे चुकत होते असेही नाही. अखेरीस सगळा गिलावा उतरवला. एका वयस्कर गवंड्याने सळ्या मोकळ्या करून घासल्या आणि जुन्या फळीच्या रुंदीची फळी शोधण्यासाठी दोन वखारी पालथ्या घातल्या. त्याला हे सगळे विचित्र वाटत होते. पण साचा काढला तेव्हा नव्या रेघा जुन्या रेघांना मिळालेल्या पाहून तो बराच वेळ खालीच उभा राहिला. रंग मात्र पुरता जुळला नाही. नवा भाग थोडा फिका आहे. पावसाळे त्याला हळूहळू समजावतील.

या दिवाळीपूर्वीही शाळेला रंग लागला. वर्ग, कठडे, कमान, सगळे उजळले. पोर्च तेवढा तसाच ठेवला. पाचवीतल्या एका मुलीने वर बोट दाखवून विचारले, “बाई, तिथला रंग वेगळा का?”

“तिथे दुरुस्ती केली आहे,” मी म्हटले.

तिने थोडा वेळ पाहिले. मग त्या फिक्या पट्टीची कड कुठून कुठवर जाते ते बोटाने हवेत काढत ती वर्गात गेली.